पन्नास क्रोनर

शाळेच्या बँडपथकानं मांडलेल्या जुन्या बाजारात
तो पडून होता, वॉफलचं यंत्र आणि स्कीच्या काठ्यांच्या मधोमध.
रुपेरी तोंडाचा, हातभर रुंद,
लाकडी पाठीवर कुणाच्या तरी कॉफीच्या कपाचा गोल डाग.
टिरिल नावाची मुलगी, गळ्यात ट्रम्पेट,
प्रामाणिकपणे म्हणाली :
हा एफएमचा आहे. एफएम बंद केलंय.
यात काही लागत नाही.
शंभर, म्हणाली. मग माझ्या कोटाकडे बघून, पन्नास.

मला तर तेवढाच परवडतो, आणि तेवढाच पुरतो.
छत्तीस वर्षं हाल्डेनच्या कागद गिरणीत गेली,
कानांचा वरचा मजला तिथेच राहिला.
डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून दाखवला,
रेघ चालत चालत येते आणि कड्यावरून पडते.
लहान पाखरं त्या कड्याखाली आहेत आता.
चेलो आहे. माणसांचे आवाज आहेत.

घरी आणून झाकण उघडलं.
आतली धूळ मऊ, मांजराच्या पोटासारखी.
मेलेला दिवा बदलला, खरखरणाऱ्या बटणांत औषध मारलं,
तारेची अँटेना पडद्याच्या दांडीवर चिकटवली
आणि ॲम्प्लिफायरच्या पाठीत दोन पिना खोचल्या.
काचेमागे उजेड आला, मधाच्या बरणीतून यावा तसा.

चाकाला टिचकी मारली की काटा
आपला आपण निघतो,
उतारावर पायडल सोडून दिलेल्या सायकलसारखा.
अठ्ठ्याऐंशी. नव्वद. जिथे बातम्या असायच्या तिथे
तव्यावर लोणी टाकल्याची चुरचुर.
चौऱ्याण्णव. चुरचुर.
टिरिल खोटं बोलली नव्हती.

एकशे एकच्या जरा अलीकडे काटा उभा राहिला.
लाल ठिपका पेटला.
एक बाई, माझ्या खोलीत, अगदी मधोमध,
सांगत होती की शनिवारची संध्याकाळ रूलिग जाणार.

स्वीडन.
फिओर्डच्या पलीकडे कुणी काही बंद केलेलं नाही.

रूलिग : आमच्याकडे याचा अर्थ शांत.
त्यांच्याकडे, गमतीचा.
शब्द तोच, पूल ओलांडला की कपडे बदलतो.
गुनिल्ला पलीकडची, स्ट्रेमस्टाडची.
पहिल्या नाचानंतर बसच्या थांब्यावर म्हणाली,
तू फार रूलिग आहेस.
मी महिनाभर मिठाची गुळणी धरून तिच्याशेजारी चाललो,
तिला आवडतं म्हणून.
ती बिचारी शोधत होती, तो हसवणारा माणूस गेला कुठे.
ही गोष्ट आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचो,
कधी ती सुरू करायची, कधी मी.

दुसरी गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.

ज्या वर्षी एफएम गेलं त्याच आठवड्यात
मी तिचा स्वयंपाकघरातला रेडिओ, पिठाचे हात लागलेला,
कचरा केंद्रावर टाकून आलो.
आता काय उपयोग, म्हणालो.
नवा आणला, डिजिटल, आकडे दाखवणारा.
त्यात ओस्लो होतं, जाझ होतं, चोवीस तास हवामान होतं.
तिच्या गावाकडचं काही नव्हतं.
ती बटाटे सोलत राहिली, काही बोलली नाही.
मला वाटलं,
रूलिग आहे.

माझ्या अर्थानं.

आता चार वर्षं झाली तिला जाऊन.
पलीकडची बाई कशावर तरी हसली, नीट कळलं नाही कशावर.
मग कुठल्या कुठल्या गावांचे हॉकीचे निकाल.
पन्नास क्रोनरच्या यंत्राचा डावा चॅनेल
मधूनच जातो.
पाठीवर, त्या कपाच्या डागाशी, तळवा दाबून ठेवला की येतो.
जरा ऊब असते तिथे.

तसाच हात ठेवून उभा राहिलो.
स्ट्रेमस्टाड हरलं, तीन-एक.